बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

शाळेच्या पटांगणात खेळणाऱ्या मुलांच्या तोंडून ड्रिबल, पास, पिव्हट, रिबाउंड, फाउल असे शब्द आपण नेहमी ऐकतो. मुले हे शब्द सहज उच्चारतात. त्यांचा अर्थ विचारला तर मात्र हाताने करून दाखवतात. शब्दांत सांगणे त्यांना जमत नाही. परकी भाषा शिकणाऱ्याने एखादा शब्द पाठ करण्यापूर्वी तो कोणत्या गरजेतून जन्मला हे समजून घेतले, तर तो शब्द सहसा विसरत नाही. बास्केटबॉलच्या बाबतीत हे सोपे आहे. बहुतेक जुने खेळ कोणी व केव्हा सुरू केले हे नेमके सांगता येत नाही. हा खेळ मात्र एका शिक्षकाने, एका वर्गासाठी, एका हिवाळ्यात, विचारपूर्वक तयार केला. त्या शिक्षकाचे नाव डॉ. जेम्स नेस्मिथ. त्यांचे चरित्र वाचले की खेळातील शब्द आपोआप उलगडत जातात आणि शिक्षकाने कसे असावे याचाही एक धडा मिळतो.

पोरके बालपण

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्माँट या गावाजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडमधून आलेल्या कुटुंबांतले होते. वडील लाकडाच्या धंद्यात होते. १८७० साली विषमज्वराची साथ आली आणि त्या साथीत थोड्या दिवसांच्या अंतराने आई व वडील दोघेही गेले. जेम्स त्या वेळी जेमतेम नऊ वर्षांचा होता. तो, त्याची बहीण व धाकटा भाऊ यांना आजीने जवळ केले. पुढे मामा पीटर यंग यांनी या मुलांना सांभाळले. मामा कडक शिस्तीचे होते. घोडे हाकणे, लाकूड तोडणे, शेतात राबणे ही कामे मुलाने मोठ्या माणसासारखी करावीत अशी त्यांची अपेक्षा असे.

जेम्सने वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली आणि तो जंगलात लाकूडतोड्यांबरोबर काम करू लागला. काही वर्षे अशी गेल्यावर त्याला शिक्षणाची ओढ लागली. अंगाने दणकट असा हा जवान पुन्हा त्याच शाळेत, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी, बाकावर जाऊन बसला. शाळा पुरी करून १८८३ साली त्याने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्रवेश घेतला. आपल्यापैकी ज्यांची शाळा मध्येच सुटली असेल त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गावातल्या मुलांचा एक आवडता खेळ होता, 'डक ऑन अ रॉक'. मोठ्या खडकावर एक लहान दगड ठेवायचा, एकाने त्याची राखण करायची आणि बाकीच्यांनी लांबून दगड मारून तो खाली पाडायचा. जोराने सरळ फेकलेला दगड नेम चुकला की लांब जाई आणि तो आणायला धावणारा मुलगा पकडला जाई. उंच कमान करून अलगद टाकलेला दगड नेम चुकला तरी जवळच पडे. जोरापेक्षा नेम व अंदाज श्रेष्ठ, हे या खेळात मुलांना न सांगता कळे. जेम्सच्या मनात ही गोष्ट कायमची राहिली.

धर्मपीठ की व्यायामशाळा?

मॅकगिलमध्ये जेम्स धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशाने शिकत होते. त्याच वेळी ते रग्बी खेळत, लॅक्रोस खेळत आणि व्यायामशाळेतही जात. त्या काळच्या धर्मशील मंडळींना खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, किंबहुना सैतानाची करामत वाटे. घरच्यांचेही मत फारसे वेगळे नव्हते. परंतु एका सामन्यातील लहानशा प्रसंगाने त्यांना वाट दाखवली. शेजारी खेळणाऱ्या एका सोबत्याच्या तोंडून रागाच्या भरात शिवी गेली आणि लगेच त्याने जेम्सकडे वळून क्षमा मागितली. जेम्स यांनी त्याला कधी उपदेश केला नव्हता. केवळ त्यांच्या वागण्याचा हा परिणाम होता. चांगली माणसे घडवण्याचे काम मैदानावरही होऊ शकते, असे त्यांना वाटू लागले. धर्मशास्त्राचे शिक्षण त्यांनी १८९० साली पुरे केले. मग एखाद्या चर्चमध्ये न जाता ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफिल्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेत दाखल झाले. खिस्ती तरुण संघाच्या या संस्थेत व्यायामशिक्षक व संघाचे चिटणीस तयार होत. तेथे ते आधी विद्यार्थी होते आणि १८९१ साली शिक्षक झाले.

अवघड वर्ग

या संस्थेत चिटणिसाचे काम शिकणाऱ्या अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. थंडीच्या दिवसांत बाहेर बर्फ पडलेले असे, त्यामुळे फुटबॉल किंवा बेसबॉल बंद. आत व्यायामशाळेत कवायत आणि साधनांवरचे तेच ते व्यायाम. या मंडळींना त्याचा कंटाळा आला होता. दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते.

शिक्षकांच्या सभेत या वर्गाचा विषय निघाला तेव्हा नेस्मिथ यांनी आपले मत मांडले. दोष विद्यार्थ्यांचा नसून आपण त्यांना जे देतो त्या पद्धतीचा आहे, असे ते म्हणाले. विभागाचे प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग त्यांच्याकडेच सोपवला! घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी त्यांना दोन आठवडे मिळाले. मत देणे सोपे असते. ते खरे करून दाखवण्याची जबाबदारी अंगावर आली की माणसाची परीक्षा होते.

पहिले प्रयत्न फसले. नेस्मिथ यांनी फुटबॉल घरात आणून पाहिला, लॅक्रोसही आणून पाहिला. खेळाडूंना मार लागू लागला, खिडक्यांच्या काचांवर संकट आले. मुदत संपत आली. तेव्हा खेळामागून खेळ वापरून पाहणे त्यांनी सोडले आणि शांतपणे विचार सुरू केला.

बहुतेक मोठे खेळ चेंडूचे आहेत, म्हणून चेंडू हवाच. लहान चेंडूला बॅट किंवा काठी लागते आणि तो लपवता येतो. म्हणून चेंडू मोठा व हलका हवा, हातांनी खेळता येईल असा. रग्बीत धसमुसळेपणा का होतो? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन पळण्यासच मनाई केली तर पाडण्याचे कारण उरत नाही! राहिला प्रश्न गोलाचा. गोल समोर उभा असेल तर खेळाडू जोराने चेंडू मारणार. येथे त्यांना लहानपणचा खडकावरचा दगड आठवला. गोल आडवा, तोंड आकाशाकडे असा ठेवला तर चेंडू कमान करून अलगदच टाकावा लागेल. आणि तो डोक्याच्या वर असेल तर बचाव करणाऱ्यांना त्याभोवती गर्दी करून तो झाकता येणार नाही.

पीचच्या टोपल्या

डिसेंबर १८९१ मधील त्या सकाळी नेस्मिथ यांनी इमारतीची देखभाल करणारे श्री. स्टेबिन्स यांच्याकडे दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच या फळांच्या दोन रिकाम्या टोपल्या होत्या. व्यायामशाळेच्या दोन्ही टोकांना सज्जाच्या कठड्यावर नेस्मिथ यांनी त्या खिळ्यांनी ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. आज जगभर बास्केटची कडी दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते, ती त्या कठड्यामुळे. खोकी मिळाली असती तर खेळाचे नावही कदाचित वेगळे झाले असते!

तेरा नियम लिहून झाले. कार्यालयातील मिस लायन्स यांनी ते टंकलिखित करून दिले आणि कागद सूचनाफलकावर लागला. अठरा जणांचे नऊ-नऊचे दोन संघ पडले. फुटबॉलचा चेंडू मध्ये उंच उडवला गेला आणि खेळ सुरू झाला. त्या सामन्यात एकच गोल झाला, तो विल्यम चेस यांनी लांबून केला. टोपलीला बूड असल्याने चेंडू वरून काढावा लागे. सामना १-० असा संपला, पण वर्गाला खेळाची गोडी लागली ती कायमची.

वर्गातील खोडकरांचे एक म्होरके फ्रँक महान हे होते. या खेळाला नेस्मिथबॉल म्हणावे अशी सूचना त्यांनीच केली. नेस्मिथ हसले, त्या नावाने खेळ मरून जाईल असे त्यांना वाटले. मग टोपली आहे, चेंडू आहे, तर बास्केट बॉल म्हणू या, असे महान यांनीच सुचवले. ज्या वर्गापुढे दोन शिक्षक हरले, त्याच वर्गातील म्होरक्याने खेळाचे बारसे केले. फ्रेंच भाषेतही गोलाला पानिये, म्हणजे टोपलीच, म्हणतात. टोपली गेली, लोखंडी कडी व जाळी आली, पण नाव राहिले.

नियमांतून निघालेले शब्द

आता आपण मुलांच्या तोंडच्या शब्दांकडे येऊ.

चेंडू घेऊन पळू नये, हा खेळाचा कणा. हा नियम मोडला की पंच 'ट्रॅव्हलिंग' म्हणतात. ट्रॅव्हल म्हणजे प्रवास. चेंडू हातात धरून प्रवास करायचा नाही. मग चेंडू हाती आलेल्या खेळाडूने काय करावे? तो सोबत्याकडे द्यावा. हा 'पास'. छातीपासून दोन्ही हातांनी सरळ ढकलला तर 'चेस्ट पास'. देताना कोपरे अंगाजवळ ठेवावीत, एक पाऊल पुढे टाकावे आणि शेवटी अंगठे खाली वळावेत. समोर प्रतिस्पर्ध्याचे हात आडवे आले तर चेंडू जमिनीवर आपटून द्यावा, तो 'बाउन्स पास'. सोबत्यापर्यंतच्या अंतराचे तीन भाग केले तर दोन भाग ओलांडल्यावर चेंडू टेकावा, म्हणजे तो उसळून त्याच्या कमरेशी येतो.

पास देण्यास कोणी मोकळे नसेल तर एक पाय जमिनीवर रोवून दुसऱ्याने अंग फिरवता येते. यास 'पिव्हट' म्हणतात. भूमितीच्या तासाला कंपासचे टोक कागदावर रोवून आपण पेन्सिल फिरवतो, तसेच हे आहे. टोक सरकले की वर्तुळ बिघडते; रोवलेला पाय सरकला की ट्रॅव्हलिंग होते.

'ड्रिबल' हा शब्द नेस्मिथ यांच्या तेरा नियमांत नव्हता. चेंडू घेऊन पळता येत नाही, मग आपणच तो जमिनीवर टाकून पुन्हा घेतला तर? ही युक्ती खेळाडूंनी शोधली आणि नेस्मिथ यांना ती मनापासून आवडली. इंग्रजीत ड्रिबल म्हणजे थेंब थेंब गळणे. चेंडूही तसाच एकेक टप्पा घेत पुढे जातो. चेंडू तळव्याने थापटू नये, बोटांच्या पेरांनी ढकलावा. तो कमरेच्या वर येऊ देऊ नये आणि नजर चेंडूवर न ठेवता समोर ठेवावी. एकदा चेंडू दोन्ही हातांत धरल्यावर पुन्हा ड्रिबल सुरू केला तर 'डबल ड्रिबल' होतो आणि चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो.

सज्जात बसलेले प्रेक्षक वाकून चेंडू अडवू लागले, म्हणून काही वर्षांतच टोपलीमागे फळी आली. तो 'बॅकबोर्ड'. फळीमुळे दोन नवे शब्द आले. न पडलेला चेंडू उसळून परत येतो तो 'रिबाउंड'. आणि धावत जवळ जाऊन फळीवर अलगद ठेवल्यासारखा टाकलेला चेंडू म्हणजे 'ले-अप'. ले म्हणजे ठेवणे. उजव्या बाजूने येणाऱ्याने डाव्या पायावर उडी घ्यावी व उजव्या हाताने चेंडू टाकावा. डावीकडून येणाऱ्याने याच्या उलट करावे.

खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे या गोष्टींना पहिल्या दिवसापासून मनाई होती. त्याला 'फाउल' म्हणतात. मुळात एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की समोरच्या संघाला एक गोल मिळे. 'फ्री थ्रो', म्हणजे कोणीही न अडवता पंधरा फुटांवरून टाकायचा चेंडू, नंतर आला. आज त्याचा एक गुण, साध्या बास्केटचे दोन आणि लांबच्या रेषेबाहेरून केलेल्या बास्केटचे तीन गुण मिळतात. पाच-पाच खेळाडूंचा संघ १८९७ पासून रूढ झाला. मूळ नियमांत पंच दोन होते: 'अंपायर' माणसांवर लक्ष ठेवणारा आणि 'रेफरी' चेंडूवर. खेळात माणसांची वागणूक चेंडूइतकीच महत्त्वाची, हे नेस्मिथ यांनी पहिल्याच कागदावर लिहून ठेवले होते.

खेळ जगभर पसरतो

नाताळच्या सुट्टीत विद्यार्थी आपापल्या गावी गेले आणि खेळ बरोबर घेऊन गेले. १५ जानेवारी १८९२ रोजी संस्थेच्या पत्रात नियम छापून आले. जवळच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिका जाता येता आरडाओरडा ऐकून सज्जात येऊन बसत. त्यांनी आम्हीही खेळू का असे विचारले आणि नेस्मिथ यांनी आनंदाने होकार दिला. मुलींच्या त्या पहिल्या खेळांत मॉड शर्मन नावाची तरुणी होती. १८९४ साली तिच्याशी नेस्मिथ यांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. पुढे या संस्थेत शिकलेले हॅरी क्रो बक भारतात गेले आणि १९२० साली मद्रास येथे त्यांनी व्यायामशिक्षणाची संस्था काढली. तेथून तयार झालेल्या शिक्षकांनी असे खेळ भारतातील शाळांत नेले.

नेस्मिथ स्वतः मात्र शिकतच राहिले. डेन्व्हर येथे नोकरी करीत त्यांनी १८९८ साली वैद्यकीय पदवी मिळवली. त्याच वर्षी ते कॅन्सास विद्यापीठात प्रार्थनामंदिराचे प्रमुख व व्यायामशिक्षक म्हणून रुजू झाले आणि आयुष्याचा उरलेला बहुतेक काळ लॉरेन्स या गावी राहिले. तेथील बास्केटबॉल संघाचे ते पहिले मार्गदर्शक. त्यांच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा अधिक हरलेला मार्गदर्शक एकच, आणि तो खेळाचा जनक! त्यांना याचे वाईट वाटत नसे. हा खेळ खेळण्यासाठी आहे, असे त्यांचे मत होते. विद्यार्थ्याचे शरीर, स्वभाव आणि वर्तन सुधारले की त्यांचे काम झाले.

१९१६ साली ते सैन्यातील धर्मोपदेशक म्हणून मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेले. पहिल्या महायुद्धात वाय.एम.सी.ए.तर्फे त्यांनी फ्रान्समध्ये दीड वर्षाहून अधिक काळ सैनिकांची सेवा केली. १९२५ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

खरा शिष्य

१९३३ साली जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्सासला शिकायला आला. त्या काळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघातून खेळू देत नसत. खेळाचे निर्माते तेथेच शिकवत होते. तरी त्या खेळाच्या संघाचे दार या मुलाला बंद होते. सत्तरी ओलांडलेल्या नेस्मिथ यांच्या हातून ती बंदी उठली नाही. परंतु त्यांनी मॅक्लेंडनला आपला विद्यार्थी म्हणून जवळ केले, खेळामागचा विचार शिकवला आणि मार्गदर्शक होण्याच्या वाटेवर आणून सोडले. १९३६ साली पदवी घेऊन तो बाहेर पडला. पुढे त्याच्या संघांनी चेंडू मिळताच क्षणात दुसऱ्या टोकाला धाव घेण्याचा वेगवान खेळ, म्हणजे 'फास्ट ब्रेक', गाजवला. १९५७, १९५८ व १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. ज्याला संघात घेतले नाही त्याने खेळाचा वेगच बदलून टाकला. नेस्मिथ यांची हार-जीत मोजायची तर ती ५५ आणि ६० या आकड्यांत न मोजता अशा शिष्यांत मोजावी.

बर्लिन आणि अखेर

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. नेस्मिथ यांनी या खेळावर धन मिळवले नव्हते. त्यांना तेथे पाठवण्यासाठी अमेरिकेतील मार्गदर्शकांच्या संघटनेने सामन्यांच्या उत्पन्नातून पैसा उभा केला. पत्नीची प्रकृती ठीक नसल्याने त्या जाऊ शकल्या नाहीत. एकवीस देशांचे संघ आले होते. पहिल्या सामन्याचा चेंडू नेस्मिथ यांच्या हस्ते उडवला गेला. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखल झालेल्या मैदानावर झाला. चेंडू उसळेना, ड्रिबल अशक्य झाले. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. एक त्यांची जन्मभूमी, दुसरी कर्मभूमी. विजेत्यांना पदके देण्याचा मान त्यांनाच मिळाला. हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून काढलेला खेळ पावसात भिजत खेळला जात होता, आणि तरीही तो बंद पडला नाही!

१९३७ साली मॉडबाईंचे निधन झाले आणि त्याच वर्षी नेस्मिथ सेवानिवृत्त झाले. १९३९ साली त्यांनी दुसरा विवाह केला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला मेंदूतील रक्तस्रावाने लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. या खेळाच्या जन्माची हकीकत सांगणारे त्यांचे पुस्तक १९४१ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. स्प्रिंगफिल्ड येथील बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिराला त्यांचे नाव आहे.

त्या तेरा नियमांचे दोन टंकलिखित कागद २०१० साली लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरला विकले गेले. आज ते कॅन्सास विद्यापीठात जपून ठेवलेले आहेत. लिहिले तेव्हा ते एका शिक्षकाने आपल्या तासासाठी केलेले टिपण होते.

वर्ग ऐकत नाही म्हणून मुलांना दोष देणे आम्हा शिक्षकांना आणि आपणा पालकांनाही फार सोपे वाटते. नेस्मिथ यांनी आधी धडा तपासला. यापुढे आपले मूल ड्रिबल करीत घरासमोरून गेले तर त्याला त्या शब्दाचा अर्थ विचारा, आणि जमल्यास दोन टोपल्यांची ही गोष्टही सांगा.